क्लचप्लेट आणि पौष महिना

शेजारच्या वहिनींना काही विचारायचं असलं की त्या आधी काहीतरी मागायला येतात. प्रश्न जितका नाजूक तितकी मागायची वस्तू लहान. वाटीभर साखर मागितली तर साधीच चौकशी असते. सोमवारी सकाळी त्यांनी हिंग मागितला, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण मोठं आहे.

आमच्या दोन घरांमधल्या भिंतीच्या वरच्या दोन विटा केव्हाच पडल्यात. खुलताबादची निम्मी खबर त्या खिडकीतून इकडून तिकडे जाते. हिंगाची डबी हातात पडली तरी वहिनींची नजर माझ्या अंगणातून हलेना. तिथं आमचा भाचा एका चिखलाने माखलेल्या मोटारसायकलचं मागचं चाक काढून बसला होता. कानात मोबाईलच्या पुंगळ्या, त्यामुळे बॉम्ब पडला तरी त्याला ऐकू आलं नसतं.

"ताई, पोरगं दोन दिवस दिसलं नाही. गावाला गेलतं का?"

"शर्यतीला."

"शंकरपटाला?"

"नाही हो. मोटारसायकलच्या. मातीतल्या."

"अगं बाई! म्हणजे म्हैसमाळच्या रस्त्यावर ती पोरं एका चाकावर गाडी चालवतात, तसलं?"

"त्या पोरांना पोलीस पकडतात. ह्यांना लोक तिकीट काढून बघतात."

वहिनी भिंतीवर कोपर टेकून उभ्या राहिल्या. म्हणजे आता हिंगाची फोडणी दुपारीच पडणार.

त्यांना मी सांगितलं ते असं. संभाजीनगरच्या एका डॉक्टरांचा मुलगा ह्या शर्यतीत गाडी चालवतो. आमचा भाचा त्याचा मेकॅनिक. नाशिककडच्या एका माळावर दोन दिवसांचा मामला होता. शनिवारी गाड्यांची तपासणी आणि सराव, रविवारी शर्यत. त्या तपासणीत बारीकसारीक बघतात म्हणे. हेल्मेट कसलं, छातीवर ढाल आहे का, ब्रेकच्या दांडीच्या टोकाला गोळी शाबूत आहे का. ती गोळी तुटलेली असली तर पडल्यावर दांडी पोटात घुसते. गाडी पडली की इंजिन लगेच बंद करायचं बटण चालतं की नाही, तेही.

"पडल्यावर म्हणजे? पडतात?"

"वहिनी, पडत नाही तो मातीत गेलाच नाही असं समजतात."

"पण हा नाही ना पडत?"

बघा, पहिला खडा पडला. कुणाच्या भाच्याच्या हाडांची शेजारणीला एवढी काळजी उगाच नसते. मी म्हटलं, "हा कशाला पडतोय? हा खाली बसलेलाच असतो. बुडाखाली पोतं आणि हातात पाना."

त्यांच्या चेहऱ्यावर जरा हायसं आलं, ते मी टिपून ठेवलं.

खरं सांगायचं तर ह्या शर्यतीचं आम्हाला आधी काही कळत नव्हतं. आमचे हे वाळूजला होते. 1985 साली तिथं बजाजचा कारखाना सुरू झाला आणि ह्या भागातल्या घराघरात पाळीचे डबे भरायला लागले. ह्यांचं सगळं आयुष्य बजाजच्या एम-एटी गाडीवर गेलं. मोटारसायकल म्हणजे कामावर जायचं साधन, ती मुद्दाम खड्ड्यात घालायची कल्पनाच त्यांना सोसत नाही. "आम्ही गाडी खडखडू नये म्हणून जीव टाकला आणि हे तिला टेकाडावरून फेकतात," असं त्यांचं म्हणणं. पण भाच्याने एकदा त्यांना बरोबर गाठलं. म्हणाला, "मामा, वाळवंटातली ती डकारची शर्यत आहे ना, त्यात 2001 पासून 2019 पर्यंत एकच कंपनी सलग जिंकत होती, ऑस्ट्रियाची केटीएम. आणि ती 2024 च्या शेवटी कर्जात बुडाली तेव्हा पैसा घेऊन धावलं कोण? तुमचं बजाज." तेव्हापासून हे जेवताना त्या शर्यतीकडे तिरक्या डोळ्याने का होईना, बघतात. 2008 साली ती शर्यत रद्द झाली होती, हे आता भाच्याला तेच ऐकवतात.

"ते जाऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "हा तिथं करतो काय नक्की? नुसतं पंक्चर?"

आता मला राग आला. म्हटलं, ऐका.

मातीत गाडी पडून जेवढी मरत नाही तेवढी धुळीने मरते. इंजिन श्वास घेतं तो फिल्टरमधून. हा फिल्टर स्पंजाचा असतो. एक फेरी झाली की तो काढायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मग तेलात बुडवायचा. तेलात बुडवून तो पिळायचा मात्र नाही. पिळला तर स्पंजाला चीर पडते. चक्क्याचं फडकं जसं आपण नुसतं दाबून पाणी काढतो, तसा दाबायचा. सगळीकडे रंग सारखा दिसला पाहिजे. मग कडेला ग्रीसची रेघ, म्हणजे फटीतून धूळ शिरणार नाही. असे तेल लावलेले फिल्टर पिशव्यांत बांधून हा घरूनच घेऊन जातो. माझ्या फ्रीझच्या पिशव्या कुठं जातात, ते मला असं कळलं.

आणि हवा. रस्त्यावर पुढच्या चाकात आपण पंचवीसच्या आसपास भरतो. मातीत ती पंधराच्याही खाली आणतात, टायर जरा बसका झाला की जमिनीला धरतो. पण हवा कमी म्हटल्यावर टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा वॉल उपटतो. म्हणून रिममध्ये आतून एक पकड बसवतात, टायर हलू नये म्हणून. "पंक्चर" म्हणजे हे सगळं, वहिनी.

शनिवारी काय झालं, ते तर ऐकायलाच हवं. सरावात डॉक्टरांचा मुलगा दुसऱ्या उडीवर आपटला. त्याला खरचटलं तेवढंच. गाडीची क्लचची दांडी मात्र वाकली. मोडली नाही, कारण भाच्याने दांडीच्या पकडीखाली नळाला लावतात ती पांढरी टेप गुंडाळून ठेवली होती. पकड घट्ट आवळायचीच नाही. गाडी पडली की दांडी मोडण्याऐवजी गर्रकन फिरते. आपल्याकडे नळवाला जी टेप दहा रुपयाला देतो, तीच.

पण खरं दुखणं वेगळं होतं. ह्या मुलाला वळणावर क्लच अर्धवट धरून गाडी ओढायची सवय. संध्याकाळपर्यंत इंजिन ओरडायचं आणि गाडी पुढं जायची नाही. जळका वास सुटला, म्हणजे क्लचप्लेटा गेल्या. आता ह्या गाडीची क्लच उजव्या अंगाला असते. ते झाकण उघडलं की सगळं इंजिन ऑईल भळाभळा खाली. नवीन ऑईल टाकायला रात्री माळावर दुकान कुठलं? भाच्याने काय केलं, गाडी डाव्या कुशीवर आडवी निजवली. ऑईल सगळं डाव्या बाजूला गेलं. मग उजवं झाकण उघडून निवांत प्लेटा काढल्या. एक थेंब सांडला नाही.

"आडवी निजवली?" वहिनींनी तोंडावर पदर घेतला.

"हो. आणि खाली काय अंथरलं माहितीय? माझी अबोली रंगाची साडी!"

ती साडी मी दिवाळीपासून शोधायलेय. फिक्या रंगाचं कापड लागतं म्हणे, एखादा वायसर किंवा नट मातीत पडला तर काळ्या रानात तो दिसायचा नाही. जुनं धोतर चाललं नसतं का? तर नाही, साडी लांब पडते, अख्खं इंजिन मावतं. परत आणली तेव्हा तिच्यावर क्लचप्लेटांचे गोल छाप ओळीने उमटलेले. आतल्या लोखंडी प्लेटा तापून निळ्या पडल्या होत्या, त्या पण दाखवायला घेऊन आला. बघा हो, मोराच्या गळ्यासारखा रंग असं म्हणणार होते, पण चिडले होते ना.

रात्री एक वाजता गाडी उभी राहिली. त्याच्या डोक्याला तो खाणीतल्या कामगारासारखा दिवा बांधलेला. हात थंडीने आखडले होते. आपल्याकडे म्हैसमाळला जानेवारीत वारा कसा बोचतो, तसाच तिथं. आणि एवढं सगळं होऊन सकाळी पेपरात फोटो कुणाचा? उडी मारणाऱ्याचा. मी दरवेळी पेपर उलटापालटा करून बघते. ज्याने गाडी रात्रभर जोडली त्याचा निदान अंगठा तरी दिसावा. नाही दिसत.

"मग पैसे तरी बरे मिळत असतील," वहिनी अगदी सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या.

दुसरा खडा. मी म्हटलं, "गॅरेज वेगळं, हे वेगळं. गॅरेज त्याचं बारा महिने चालतं. भद्रा मारुतीच्या शनिवारी तर उसंत नसते, निम्म्या गाड्या दौलताबादच्या घाटात तापून बसतात. शर्यत हा त्याचा शौक."

"शौक खर्चिक असतात."

"दारूपेक्षा स्वस्त."

हे उत्तर त्यांच्या मनात नीट बसलं, असं दिसलं. कारण लगेच पुढचा प्रश्न जरा मऊ आला. "पण ताई, ह्यात पुढं काही भवितव्य आहे का? म्हणजे आपल्या मराठी माणसाला?"

मी तयारच होते. रोज रात्री जेवताना भाचा मोबाईल ताटाला टेकवून तेच लावतो, डकार जानेवारीतच असते ना. पहिली शर्यत 1978 च्या डिसेंबरात पॅरिसहून निघाली होती. पुढे ती आफ्रिका सोडून दक्षिण अमेरिकेत गेली आणि 2020 पासून सौदी अरेबियात आहे. आपल्याकडून सगळ्यात आधी मोटारसायकलवर गेला तो बंगळूरचा सी. एस. संतोष, 2015 ला. केरळचा हरिथ नोहा 2024 ला आपल्या गटात पहिला आला, एकूणात अकरावा. आणि मराठी म्हणाल तर आशिष राऊराणे. मर्चंट नेव्हीतला माणूस. 2021 ला कुठल्या कंपनीच्या संघातून नाही, आपल्या हिमतीवर उतरला. दुखापत झाली म्हणून मध्येच सोडावी लागली, पण सुरुवातीच्या रेषेवर गेला हे काय कमी आहे? पुण्याचे संजय टकले मोटारसायकलवरून मोटारीकडे वळले आणि 2025 च्या डकार क्लासिकला लँड क्रूझर घेऊन गेले.

"आणि पोरी?"

"बंगळूरची ऐश्वर्या पिस्से. 2019 ला बाहा शर्यतींच्या विश्वचषकात महिला गटात पहिली. मोटारींच्या खेळात जागतिक किताब मिळवणारी पहिली भारतीय, बाई असो की बुवा."

वहिनी खूश झाल्या. का झाल्या, ते मला नंतर कळलं.

पण मला स्वतःला त्या सगळ्यांपेक्षा त्या डकारमधला एक गट आवडतो. त्यात मेकॅनिक न्यायचाच नाही, असा नियम. प्रत्येकाला ठरलेल्या मापाची एक पेटी. हत्यारं, सुटे भाग, काय ते तिच्यात. दिवसभर शेकडो किलोमीटर वाळूत गाडी हाणायची आणि रात्री तंबूसमोर बसून तिचा फिल्टर आपणच धुवायचा. आमच्या डॉक्टरांच्या मुलाला त्या गटात घातलं तर दुसऱ्या दिवशी रडत आईला फोन करेल. भाचा मात्र निभावेल. गाडी हळू चालवेल, पण पोचेल.

"तो पोर्तुगालचा होता ना, मामी," असं करून त्याने एकदा मला पावलो गोन्साल्विसची गोष्ट सांगितली होती. ती मी वहिनींना सांगितली. आपल्या हिरो कंपनीच्या संघातून चालवायचा. 2020 च्या शर्यतीत तिसऱ्या दिवशी वाळवंटात त्याचं इंजिन गेलं. माणसाने तासन् तास मदतीच्या ट्रकची वाट बघितली, तिथंच वाळूत इंजिन बदललं आणि रात्री गाडी घेऊन मुक्कामाला पोचला. जिंकायची आशा संपली होती, तरी शर्यत सोडली नाही. पुढे त्याच शर्यतीत, 12 जानेवारीला, पडून गेला. हिरोच्या संघाने शर्यत सोडली. त्याच संघात त्याचा मेहुणा होता, जोआकिम रॉड्रिग्ज. दोन वर्षांनी, 2022 ला त्याच मेहुण्याने एका दिवसाचा टप्पा जिंकला. भारतीय कंपनीच्या गाडीने जिंकलेला तो पहिला टप्पा.

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बहिणीच्या कपाळाचं काय झालं असेल हो." बायकांना शर्यतीतून जे दिसतं ते पुरुषांना दिसत नाही. आमचे हे ती गोष्ट ऐकून म्हणाले होते, इंजिन कुठल्या सीसीचं होतं.

वातावरण जड झालं म्हणून मी रविवारचं सांगायला घेतलं. सकाळी पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीआधी शेजारच्या तंबूतला एक पोरगा धावत आला. त्याची क्लचची वायर तुटली होती आणि सुटी वायर त्याच्याकडे नव्हती. आमच्या गुणवंताकडे एकच होती. दिली ना काढून! नुसती दिली नाही, जाऊन बसवूनही दिली. आणि मग काय, तो पोरगा आला पाचवा आणि आमचा सातवा.

"असं कामून केलं?"

"मी पण तेच विचारलं. म्हणतो, मामी, मैदानात तो दुश्मन, तंबूत शेजारी. उद्या माझी तुटली तर कुणाकडे जाऊ?"

वहिनींनी हातातल्या हिंगाच्या डबीकडे बघितलं आणि त्यांना हसू फुटलं. मलाही.

मग मी त्यांना पुण्याचं सांगितलं, कारण त्यांना वाटत होतं हा सगळा माळावरचा उद्योग. 2024 च्या 28 जानेवारीला बालेवाडीच्या क्रीडा संकुलात ह्याच शर्यतींची मोठी लीग सुरू झाली. स्टेडियमच्या आत मातीचे डोंगर रचले होते. वळणावर भिंतीसारख्या कडा आणि मध्ये एकापाठोपाठ एक उंचवटे. परदेशातले खेळाडू आपल्या संघांकडून खेळले. भाचा तिकीट काढून गेला होता. खेळ बघायला नाही, गाड्या ठेवतात तिथल्या जाळीला नाक लावून मेकॅनिक बघायला. तिथले लोक टायर कसा चढवतात, हत्यारं कशी लावून ठेवतात, कोण कुणाच्या हातात काय देतं. आल्यावर गॅरेजमधली सगळी हत्यारं मापाप्रमाणे भिंतीला टांगली. प्रत्येक पान्यामागे भिंतीवर त्याचा आकार काढलाय, म्हणजे जागा रिकामी दिसली की कळतं काय हरवलं. माझ्या स्वयंपाकघरात लाटण्यालासुद्धा ती सोय नाही.

"आता त्या लीगचा सलमान खान ब्रँड अँबॅसेडर झालाय," मी म्हटलं.

"सलमान?" त्यांचे डोळे लकाकले. "पण तो तर अजून बिनलग्नाचाच ना?"

लग्न! आला शब्द तोंडावर. आणि लगेच वहिनींनी जीभ चावली, कारण पौष चालू आहे. आमच्याकडे पौषात लग्नाचा विषय काढत नाहीत, स्थळ सांगत नाहीत, साधी पत्रिकेची चौकशीसुद्धा नाही. म्हणून तर बाई तासभर फिल्टरपासून क्लचप्लेटेपर्यंत फिरत होत्या. त्यांची पुतणी कन्नडला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, हे मला दिवाळीपासून माहीत आहे. पण मी का बोलू? मुलाकडच्यांनी आधी बोलायचं नसतं, पौष असो की माघ.

तेवढ्यात भाच्याने कानातल्या पुंगळ्या काढल्या आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मामी, ती अबोली साडी धुवायला टाकली का? पुढच्या आठवड्यात लागणाराय."

वहिनींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हात कोपरापर्यंत काळे, पण नखं कापलेली. तेही त्यांनी बघितलं असणार.

"काय रे बाळा," त्या म्हणाल्या, "स्कूटी दुरुस्त करतोस का तू? आमच्या पुतणीची आहे. कन्नडला. सकाळी सुरूच होत नाही."

"प्लग खराब असेल काकू. नाहीतर कार्बोरेटरात कचरा. घेऊन या, बघतो."

"तिलाच सांगते घेऊन यायला."

"बंद गाडी एवढ्या लांबून चालवत कशी आणेल ती?" तो भाबडेपणाने म्हणाला.

"मग टेम्पोत घालून आणू," वहिनी म्हणाल्या. "सोबत तिचे आईबाप पण येतील."

मी म्हटलं, "वहिनी, पौष आहे."

"स्कूटी दुरुस्त करायला पौष कुठं आडवा येतो, ताई?"